मामांची न मोजलेली मेंढरं

उदारीकरणाने देशाची प्रगती झाली की नाही, यावर विद्वानांचा वाद अजून चालू असला तरी यवतजवळ राहणाऱ्या माझ्या धाकट्या मामांनी तो आमच्यापुरता केव्हाच मिटवला आहे. "आदी बँकेच्या दारात आपुन हुबं ऱ्हायचो, आता बँक आपल्या दारात हुबी ऱ्हाती. आनखी काय प्रगती पायजे तुला?" हे ते इतक्यांदा सांगतात की शेवटचं वाक्य मामी चुलीपाशी बसून परस्पर पूर्ण करते. दारावरून कर्जवाल्या एजंटांच्या मोटारसायकली किती गेल्या, यावर मामांचा विकासदर ठरतो. चारच्या वर गेल्या की तेजी, एकही नाही गेली की मंदी. आणि एखाद्याची पंक्चर झाली तर परकीय गुंतवणूक आल्यासारखे मामा त्याला चहा पाजतात. एजंटांसाठी त्यांनी खास दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या आहेत. मी एकदा चुकून बसलो, तर म्हणाले, "ऊठ. तू काय कर्ज देनार हायेस व्हय?"

एवढी मोजायची हौस, पण स्वतःची मेंढरं मामा कधी मोजत नाहीत. आकडा तोंडातून गेला की कळपाला दृष्ट लागते, हा आमच्या मेंढपाळ घराण्यातला जुना समज. त्यांना फक्त "हायती धा-बारा" एवढंच येतं, मग समोरचं सगळं शिवार पांढरं का दिसेना.

यातूनच घोटाळा झाला. मामांचे दोघे मुलगे सणसवाडीला कारखान्यात. त्यांनी बजावलं, पावसाळ्याआधी पक्की शेड झाली नाही तर मेंढरं विकायची, या वयात चिखलात राबायचं नाही. मामा हादरले. लगेच शेडसाठी कर्ज मागितलं. बँकेचा तरुण साहेब पाहणीला आला, मानाच्या खुर्चीत बसला आणि त्याने मेंढ्यांची संख्या विचारली.

"लिवा धा-बारा."

"मामा, दहा-बारावर एवढ्या शेडचं कर्ज बसत नाही." साहेब उठून बोटाने मोजू लागला. तो सतराला पोचला की मामा हळूच शीळ घालत आणि कळप जागा बदले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मामांनी साहेबाचं बोटच धरलं.

शेवटी मामी पुढे आली. "नावं सांगितली तर चालंल का वं सायेब? नावाला दृष्ट लागत न्हाई."

साहेब भला माणूस. एकेका नावाला कागदावर एकेक टिकली मारत बसला. चांदी, कोंडी, लंगडी, सरपंचीण... सरपंचिणीपाशी त्याने मान वर केली. "लई फुडं-फुडं करती," मामी म्हणाली. दोनदा चहा निवला. साहेबाने टिकल्या मनातल्या मनात मोजून आकडा लिहिला, आणि सही करताना मामांनी डोळे गच्च मिटून घेतले.

शेड झाली, मेंढरं राहिली. मुलगे मात्र सणसवाडीलाच आहेत. रविवारी येतो म्हणतात, मग ओव्हरटाइम निघतो. गेल्या रविवारी मी तिथे होतो. दिवस मावळताना मामा शेडच्या दारात उभे राहून नावं घेत होते आणि एकेक मेंढी आत शिरत होती. शेवटची शिरली तरी मामा दार धरून उभेच. मग त्यांनी आणखी दोन नावं घेतली, हळूच. मुलांची.

"आज बी न्हाई आली," मामी म्हणाली.

मामांनी दार लोटलं, पण कडी लावली नाही.