साहेबांच्या ताटातली नाचणी

"बाई, सगळ्या भाकऱ्या परत!" कॅन्टीनचा आचारी गोविंदा टोपली आपटत म्हणाला.

परळच्या एका गिरणीत मी डाएटिशियन होते. म्हणजे कामगारांनी काय खावं ते ठरवणारी. साचेखात्यात, जिथे सूत निघतं तिथे, शिफ्ट संपत आली की माणसांना चक्कर यायची. एकाचा हात यंत्रात जाता जाता वाचला. खाणं काय, तर चहा-पाव. तो बंद करून मी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी सुरू केली. कोकणच्या डोंगरउतारावर जिथे भात होत नाही, तिथे नाचणी पिकते. तिच्यात कॅल्शियम भरपूर, कुळथात प्रोटीन, आणि दोन्ही पोटाला धरून राहतात. कामगार बहुतेक मालवणकडचे. आवडीने खातील, असा माझा हिशेब.

मॅनेजरसाहेबांनी बजावलं, "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर पुन्हा पाव."

मी तडक जेवणाच्या बाकांकडे गेले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. म्हटलं, "सकाळी गेटवर महाराष्ट्रासाठी घसे फोडता, आणि महाराष्ट्राची नाचणी नको?"

सगळे हसले. साचेखात्यातले जुने कामगार तातू मात्र हसले नाहीत.

"बाई, ही गावाक खातंवच. पण पावण्याक आमी भात वाढतंव. तुमच्या सायबाच्या टेबलार काय आसता?"

साहेबांच्या टेबलावर भात आणि चपात्या असत. म्हणजे तक्रार चवीची नव्हतीच. एकाच कॅन्टीनमध्ये दोन पंगती होत्या.

मी केबिनमध्ये गेले. "साहेब, उद्या तुम्हालाही नाचणी."

"मला? कशाला? मला कुठे चक्कर येते?"

"आणि ताट त्यांच्या बाकावर."

"नाही आलो तर?"

"तर शनिवारपर्यंत थांबू नका. माझा राजीनामा आजच घ्या."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तातूंच्या शेजारी अवघडून बसले आणि भाकरी चमच्याने कापायला लागले.

"सायबांनू, हातान मोडा," तातू म्हणाले. "केक न्हय तो!"

बाकं हसून लोटपोट झाली. साहेबही हसले. त्यांनी भाकरी मोडली, पिठीत बुडवली, खाल्ली. मग तातूंनी हाक मारली, "गोविंदा, माका पण वाढ एक!"

शनिवारी टोपली रिकामी आली. पाव परत आला नाही. साचेखात्यात चक्कर येणंही हळूहळू कमी झालं.

नाचणीत काय काय आहे ते मी कागदावर मांडून देऊ शकते. ती खपायची असेल, तर मात्र आधी साहेबाला बाकावर बसवावं लागतं.