अक्कानं अडवलेलं बारसं

अक्काच्या समोर कानात काडी घालायची कुणाची बिशाद नव्हती. औशाला बसस्थानकाजवळ तिचं शिलाईचं दुकान होतं. समोरच्या हॉटेलात चहाची वाट बघत कुणी गाडीच्या किल्लीनं कान कोरायला लागला, की ही हातातलं काम टाकून रस्ता ओलांडायची. "काय खोदून राहिलास? हंडा पुरलाय का तिथं?" म्हणत किल्लीच काढून घ्यायची, माणूस ओळखीचा असो वा नसो. मळ आपला आपण बाहेर येतो, खुपसलं की आणखी आत जातो, एवढं ऐकून घेतल्यावरच किल्ली परत मिळायची.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी, उमरीजवळच्या आमच्या गावी, तिचा उजवा कान वाहायचा. घरात औषध एकच, लसूण टाकून कढवलेलं तेल. वर काडीला कापूस गुंडाळून सफाई. कान वाहतच राहिला आणि शेवटी पार गेला. पुढं डावाही मंदावला, तेव्हा तिनं ऐकायचं मशीन घेतलं. बाईमाणसानं निदान पदराआड तरी ठेवावं, अशी सोयऱ्यांत कुजबुज झाली. त्या दिवसापासून अक्का पदर मुद्दाम कानामागं खोचायला लागली. "चष्मा लपवता का तुम्ही? मग मी हे कामून लपवू?" असं तोंडावर विचारायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

पण तिचा खरा हिसका दिसला माझ्या मुलीच्या बारशाला. पोरगी तीन महिन्यांची होती आणि गावाकडं मांडव घातला होता. आदल्या दिवसापासून तिचा कान वाहत होता, रडून रडून ती लालबुंद झाली होती. आईनं सकाळीच तेल तापत ठेवलं. लसणाचा वास आला तशी अक्का स्वयंपाकघरात घुसली आणि सगळं तेल मोरीत ओतून मोकळी झाली.

"येडी झालीस का गं? पिढ्यान्‌पिढ्या हेच घालून राहिलो आपण!" आई ओरडली.

"हाव, अन् माझा कान गेला त्यात. हिचा जाऊ देणार न्हाई."

पाव्हणे जमायला लागले होते. दवाखान्यात उद्या जाता येईल, आधी नाव ठेवून घ्या, असं वडीलधारे म्हणू लागले. उद्यापर्यंत कुणीतरी तेल घातल्याशिवाय राहणार नाही, हे अक्का ओळखून होती. तिनं पोरीला उचललं, मला आणि माझ्या बायकोला गाडीत बसवलं आणि मांडवाकडं वळून सुनावलं, "आत्याबिगर नाव कोण ठेवतं, ते बघते मी!" कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आमच्या पोरीला आत्या ही एकच.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याला बारीक भोक आहे. कान कोरडा ठेवा, तेल-पाणी आत जाऊ देऊ नका, औषधानं भरून येईल.

परतलो तोवर बहुतेक पाव्हणे जेवून पांगले होते. अक्का आली तशीच पाळण्यावर वाकली आणि दुखऱ्या कानाशीच तोंड नेऊन नाव सांगितलं, मुक्ता. नाव सांगताना आत्याच्या पाठीत बायकांनी गमतीनं धपाटे घालायची रीत आहे. आईचा धपाटा गमतीचा नव्हता, तो मला पार अंगणात ऐकू आला. अक्का वाकलेलीच राहिली. "मार, अजून मार," म्हणाली, "पण तेल न्हाई."

आई कित्येक महिने तिच्याशी बोलली नाही. मुक्ताचा कान बरा झाला. तो आपोआपच झाला असता, असं आई म्हणत राहिली.

गेल्या हिवाळ्यात अक्का आजारात गेली. शेवटी शेवटी आवाज इतका खोल गेला होता, की आम्हाला नुसते ओठ हललेले दिसायचे. आता मोठ्या झालेल्या मुक्ताला मात्र सगळं ऐकू यायचं. पाणी मागतेय, कूस बदला म्हणतेय, असं उशाशी बसून ती आम्हाला सांगायची. एका दुपारी अक्काचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मुक्ता हसली आणि मग तिला रडू फुटलं.

"काय म्हणून राहिली गं?" आईनं विचारलं.

"म्हणते, मेल्यावर माझ्या कानात बोळे कोंबले, तर उठून बसंन."

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर भावकीतल्या बाईनं रीतीप्रमाणं नाकाकानासाठी कापसाचे बोळे आणले. नाकात घातले. कानाकडं हात गेला तसा आईनं तो धरला.

"तिथं न्हाई," आई म्हणाली.