ड्राइव्हमधली सव्वानऊची बस

बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस घरी बसून काय करतो? बस चालवतो. सकाळचा चहा झाला की ड्रायव्हरकाका कॉम्प्युटरसमोर बसायचे, साबणाच्या वडीएवढा काळा एक्स्टर्नल ड्राइव्ह जोडायचे आणि गेममधली बस आगारातून बाहेर काढायचे. कॉम्प्युटर जुना, त्यात जागा नाही, म्हणून गेम ड्राइव्हमध्ये ठेवलेला.

“अहो, आता पगार कोण देतं तुम्हाला?” काकू विचारायच्या.

हे काकूंनी विचारावं म्हणजे कमालच. लग्नाआधी त्या टेलिफोन ऑफिसात होत्या आणि चौथ्या थांब्यावरून याच ड्रायव्हरच्या सव्वानऊच्या बसने जायच्या. “चार वर्षांत एकदाही माझी बस चुकली नाही. धावत जायचे, पण गाठायचेच,” हे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलेलं. त्या वेळी काका पेपरात डोकं घालायचे.

तो मार्ग आता उरला नव्हता. उड्डाणपूल झाला, थांबे गेले, बसचा नंबरसुद्धा दुसऱ्याच मार्गाला दिला. काकांना ते फार लागलं. दोन वर्षं खपून त्यांनी गेममध्ये तो मार्ग जसाच्या तसा उभा केला. बावीस थांबे, गिरणीसमोरचा गतिरोधक, पोस्टाजवळचं ते वाईट वळण, सगळं. जगात तो रस्ता आता तेवढ्याच एका ठिकाणी होता.

मुलीने नवा कॉम्प्युटर पाठवला, तेव्हा जुना त्यांनी मेहुणीला देऊन टाकला. “माझं सगळं या ड्राइव्हमध्ये आहे,” असं म्हणून ऐटीत खिसा थोपटला.

रविवारी सकाळी ड्राइव्ह नव्या कॉम्प्युटरला जोडला. गेम उघडला, बस आली, पण मार्ग नाही. काकांनी गेम दोनदा बंद करून उघडला, तरी नाही. त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

“काका, ड्राइव्हमध्ये नुसता गेम आहे. तुम्ही बांधलेला मार्ग गेमने कॉम्प्युटरमध्येच ठेवलाय. जुना कुठंय?”

“मेहुणीकडे.”

“अरे देवा! माझा भागीदार आत्ताच तिकडे गेलाय. बाईंनी सगळं पुसून कोरा करून मागितलाय.”

भागीदार फोन उचलेना. मेहुणीचा तर फोन नेहमी दुसऱ्या खोलीत. दोघं नवराबायको मिळेल त्या बसने निघाले. काका खिडकीशी बसले होते आणि प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण एरवीसारखी चेष्टा केली नाही.

मेहुणीने दार उघडलं. आत भागीदार दुसरा कप चहा पीत होता.

“पुसलं?” काकांना धाप लागली होती.

“छे हो भावोजी! तासभर हा बिचारा कामाला हात लावू बघतोय. मी म्हटलं, आधी चहा, आधी गप्पा.”

आयुष्यात पहिल्यांदा मेहुणीच्या बडबडीवर काका खूश झाले.

खिशातला ड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरला जोडला आणि मार्ग दिसला. गिरणी होती, पोस्ट होतं. काकांनी डोळे पुसले, तेही सगळ्यांदेखत. भागीदाराने मार्गाची प्रत ड्राइव्हमध्ये उतरवली आणि म्हणाला, “एकदा चालवून खात्री करून घ्या.”

बस निघाली. तिघं मागे उभे राहून बघत होते. चौथ्या थांब्यावर बस थांबली, दार उघडलं. थांब्यावर कुणीच नव्हतं. बस हलेना.

“हँग झालं वाटतं,” मेहुणी म्हणाली.

“नाही,” भागीदार पडद्याजवळ वाकला. “बाकी सगळीकडे थांबायला अर्धं मिनिट आहे. इथे काकांनी तीन मिनिटं लावलीत. का हो काका?”

काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. काकू त्या उघड्या दाराकडे बघत राहिल्या.

“म्हणजे मी बस गाठत नव्हते?” त्यांनी हळूच विचारलं. “चार वर्षांत एकदाही वेळेवर आले नाही मी?”

“आलीस की एकदा,” काका म्हणाले. “त्या दिवशी बसला उशीर झाला होता.”