कोपरा फाटलेलं कार्ड

लोहाऱ्याच्या सहकारी दूध संघातून चांगुणाबाईंच्या हातचं पत्र ज्याला गेलं, त्याला ते दोनदा वाचावं लागलं नाही. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, आणि तेही पहिल्याच ओळीत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका फाटक्या कार्डाने ती सवय लावली.

साल एकोणऐंशी. पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला होता आणि गावाबाहेर रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. चांगुणा तेव्हा एकोणीस वर्षांची, बौद्ध वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, आणि मॅट्रिकचा दाखला ट्रंकेत ठेवून डोक्यावर मातीच्या पाट्या वाहत होती. आई लहानपणीच गेलेली. वडील तात्याराव त्याच कामावर पायावर दगड पडून घरी बसलेले. दिवाळीपर्यंत दुसरी काही सोय झाली नाही तर बापलेकींनी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं ठरलं होतं. तो पाय घेऊन तात्याराव फडात कसे उभे राहणार, हा विचार तिला पाटीपेक्षा जड वाटे.

अशात लोहाऱ्याच्या नव्या दूध संघाची जाहिरात निघाली. संकलन केंद्रांवर दूध मोजून, तपासून घ्यायला पाच जागा. चांगुणाने अर्ज केला, मुलाखतीला गेली. चेअरमननी इकडचं तिकडचं विचारून शेवटी मनातलं विचारलं, की तुझ्या हाताने माप घेतलं तर गावातले लोक केंद्रावर दूध घालतील का? खोलीतल्या बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. चांगुणाने मात्र चेअरमनकडेच बघितलं.

"माप बरोबर निघालं की लोक दूध घालत्यात, साहेब. एक महिना बघा. कॅन रिकामं ऱ्हायलं तर मला काढून टाका."

चेअरमननी टेबलावरचे कागद सारखे केले आणि म्हणाले, "बरं. कळवू."

हा 'कळवू' घेऊन ती गावात आली आणि गावाला काम मिळालं. तलावावर, पाराशी, पाण्याच्या टँकरपाशी, ज्याला त्याला त्या एका शब्दाचा अर्थ ठाऊक होता. शेवटी निवाडा ज्ञानोबाकडे गेला. ज्ञानोबा तहसिलीत तीस वर्षं चपराशी होते, साहेब लोकांच्या बोलण्यातलं त्यांना कळतं असं सगळे धरून चालत आणि तेही धरून चालत. त्यांनी तंबाखू मळून सांगितलं, की तोंडाने 'कळवू' म्हणजे काहीच नव्हे. पत्र आलं तर हो. नाही म्हणायला कुठलीच कचेरी कार्ड वाया घालवत नाही. न आलेलं पत्र हाच नकार.

आठ दिवस गेले, पंधरा गेले, एकवीस गेले. रोज तलावावरून येताना चांगुणाचे पाय वस्तीच्या कोपऱ्यावर मंद होत, आणि तात्याराव दारातूनच मान हलवत. चेअरमननी कागद सारखे केले ते कंटाळून की विचारात पडून? 'बरं' म्हणाले ते उत्तर पटलं म्हणून की ऊठ म्हणून? तिने त्या दोन शब्दांचा पार चोथा केला. मनाशी चरफडे, की नाही तर नाही, पण सांगून तरी टाका. माणूस असं टांगून का ठेवता?

बाविसाव्या दिवशी कार्ड आलं. त्याचा कोपरा फाटलेला होता.

आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. ते घरात आणत नाहीत. उंबऱ्याबाहेरच वाचायचं, तिथंच फाडायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. वस्तीने धर्म बदलला, कितीतरी जुन्या चाली सोडल्या, पण ही भीती तेवढी मागच्या दाराने राहिली होती. एरवी घरोघर पत्रं वाचून दाखवणारा पोस्टमनही असलं कार्ड वाचत नसे. त्याने ते तात्यारावांच्या पायरीवर पालथं ठेवलं आणि सायकल पुढे काढली.

तात्यारावांना अक्षर येत नव्हतं, पण फाटका कोपरा येत होता. सास्तूरची थोरली बहीण सरुबाई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. तीच गेली, असं त्यांनी धरलं. त्यांनी कार्डाचे चार तुकडे करून काट्यांच्या कुंपणावर फेकले, दुष्काळात जपून ठेवलेल्या पाण्यातला एक तांब्या डोक्यावर ओतला, शेजारणीजवळ निरोप ठेवला आणि तसल्या पायाने काठी टेकत सास्तूरची वाट धरली.

दिवस मावळायच्या आत चांगुणा घरी आली. निरोप ऐकून पायरीवर बसली. पहिली पाटी-पेन्सिल आत्यानेच घेऊन दिली होती. ती मनसोक्त रडली. रडता रडता मात्र तिला एक गोष्ट टोचायला लागली. सास्तूर अवघ्या चार कोसांवर. आत्या गेली असती तर माणूस धावत आला असता. चार कोसांवरचं मरण पोस्टाने कशाला येईल?

डोळे पुसून ती उठली आणि कुंपणाला भिडली. बाभळीच्या काट्यांनी कोपरापर्यंत हात ओरबाडले, पण उजेड होता तोवर तीन तुकडे सापडले. चौथा वाऱ्याने नेला. तीन तुकडे पायरीवर जुळवले तर एकावर दूध संघाचा शिक्का, दुसऱ्यावर 'मूळ प्रमाणपत्रांसह समक्ष', तिसऱ्यावर 'हजर न राहिल्यास आपला हक्क राहणार नाही'. तारीख चौथ्या तुकड्यावर होती.

दुसरी कुणी असती तर तारीख विचारायला ज्ञानोबाकडे गेली असती. चांगुणाने ज्वारीच्या पिठाची खळ करून तुकडे वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले, दाखला काढून ठेवला आणि तांबडं फुटताच लोहाऱ्याला निघाली.

तारीख आदल्या दिवशीच संपली होती. संघातल्या कारकुनाने वर न बघता तसं सांगितलं. चेअरमन तर तापलेलेच होते. पाच जणांना बोलावलं, लोहाऱ्यातलेच दोघं तेवढे आले, तिघांचा पत्ता नाही, पोरांना नोकरी नको झाली, असं चाललं होतं त्यांचं. चांगुणाने पुठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, की ह्या कार्डाचा कोपरा कुणी फाडला?

कुणीच फाडला नव्हता. लिहून झालेली कार्डं चपराशी दुकानातल्या बिलांसारखी भिंतीवरच्या तारेत कोपऱ्यातून ओवून ठेवी आणि टपालाच्या वेळी एका हिसक्याने ओढून काढी. चांगुणाने भिंतीकडे बघितलं. तारेत दुसऱ्या टपालाची अजून चार कार्डं होती. तिने एक ओढून चेअरमनच्या हातात दिलं. कोपरा गेलेला.

"माझ्या बापानं हे बघून बहिणीच्या नावानं आंघोळ केली, साहेब. ते दोघं बी कुठंतरी रडत बसले असतील. पोरांना नोकरी नको झाली न्हाय."

चेअरमन ह्याच मातीतले. फाटक्या कोपऱ्याचा अर्थ त्यांनाही ठाऊक होता. मग कारकुनाला उठवून त्यांनी चांगुणाला त्याच्या खुर्चीवर बसवलं, कोरी कार्डं पुढे ठेवली आणि म्हणाले, "त्या दोघांना तूच लिही. चार दिवस वाढवून दे. आणि तू आजच रुजू हो." तिने लिहिलं. पहिलीच ओळ लिहिली, की आपल्या घरी सर्व कुशल असेल, ही नोकरीची खबर आहे. त्या पोरीच्या हुशारीचं कौतुक करावं की धीराचं, ही गोष्ट सांगताना मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

तिकडे सास्तूरला सरुबाई खाटेवर बसून भाकरी खात होती. भावाचा सुतकी चेहरा बघून आणि कार्डाचं ऐकून तिला सगळं उमगलं. "जितेपणीच पोचवायला आलास व्हय रे?" म्हणाली, आणि भावाला दोन दिवस ठेवून घेतलं.

केंद्रावरचं कॅन महिन्याभरात भरून वाहायला लागलं. पुढे चांगुणाबाई संघाच्या कचेरीत आल्या. पंच्याऐंशीला भरती निघाली तेव्हा पद्धत होती तीच होती, निवडलेल्यांना तेवढं कळवायचं. बाईंनी न निवडलेल्या त्रेसष्ट जणांना त्याच आठवड्यात कार्डं लिहिली. 'आपली निवड झालेली नाही. वाट पाहू नये.' ज्ञानोबा म्हणाले, नाही म्हणायला एवढी कार्डं? बाई म्हणाल्या, त्यालाच जास्त लागतात.

त्या त्रेसष्टांतली मल्लम्मा दोन वर्षांनी नर्सच्या पोशाखात संघात आली. तुमचं कार्ड आलं त्याच दिवशी मी दुसरा अर्ज टाकला, एवढंच तिला सांगायचं होतं. त्या दिवशी बाई घरी लवकर गेल्या. तात्याराव दारात बसले होते, आणि त्यांच्या मागे भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, फाटक्या कोपऱ्याचं ते कार्ड पुठ्ठ्यासकट टांगलेलं होतं. असलं कार्ड घरात ठेवू नये म्हणतात. तात्यारावांनी ते स्वतः खिळा ठोकून लावलं होतं.