रविवारचे मार्क

लातूरच्या एका क्लासमध्ये शिवमूर्ती कॉम्प्युटरवर बसायचा. वय अडतीस. भूकंपात गावाकडचं घर आईसकट, बायको गुरम्मासकट बसलं, तेव्हा तो टायपिंगच्या परीक्षेसाठी लातुरात मुक्कामाला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. सरकारनं नव्या गावठाणात घर दिलं, पण तो तिथं एक दिवसही राहिला नाही. एक खोली, मेसचा डबा आणि क्लास. दिवसभरात कुणाशी बोलणं व्हायचं ते हजेरी छापू का, एवढंच.

रविवारचं मात्र वेगळं होतं. नांदेडच्या शाखेत सकाळी परीक्षा व्हायची आणि दुपारी तिथल्या ऑपरेटर सिंधुताई फोनवरून दोनशे बारा पोरांचे मार्क वाचायच्या. शिवमूर्ती टाइप करत जायचा. दीड तास लागायचा. मध्येच त्या जेवण झालं का विचारायच्या, मुदखेडच्या आजारी आईचं सांगायच्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. एकदा यादीत एका मुलीचं नाव गुरम्मा आलं आणि त्याचा हात थांबला.

"लिहिलं का, भाऊ?"

"माझ्या मालकिणीचं नाव होतं," तो म्हणाला. भूकंपाचंही त्यानं सांगून टाकलं. सिंधुताईंनी पुढची नावं सावकाश वाचली.

पुढं एकदा एका मुलीचे एकोणसत्तर मार्क त्याला एकोणसाठ ऐकू आले. मुलीचे वडील नायगावहून थेट लातूरला भांडायला आले. ते गेल्यावर क्लासचे मालक अण्णाराव सरांनी बजावलं, की हा तोंडी कारभार आता बंद. नांदेडच्या कॉम्प्युटरनं मार्क परस्पर इकडं पाठवायचे.

फोनच्या लाइनला मोडेम जोडून यादी पाठवून पाहिली होती, पण लाइन मध्येच तुटायची आणि अर्धीच यादी यायची. शिवमूर्तीनं पुस्तकं धुंडाळली. विंडोजच्या सीडीतच मेसेज क्यूइंग नावाची सोय निघाली. एकेका पोराचे मार्क म्हणजे एकेक निरोप. लाइन तुटली तर निरोप नांदेडलाच रांगेत थांबणार, आणि लाइन आली की तिथलं मशीन आपणच परत फोन लावून ते पाठवणार.

जोडणी फोनवरच करायची होती. तीन दुपारी तो सांगत राहिला आणि सिंधुताई तिकडं करत राहिल्या. सीडी घाला, इथं खूण करा, आता मशीन बंद करून चालू करा. लातूरला त्यानं 'मार्क' नावाची रांग केली, तरी नांदेडचा निरोप आत येईना. तिसऱ्या दिवशी उमगलं, की बाहेरच्या मशीनला रांगेत निरोप टाकायची परवानगीच दिलेली नव्हती. ती दिली आणि पडद्यावर सिंधुताईंचा पहिला निरोप उमटला : भाऊ, पोचलं का?

"पोचलं, ताई, पोचलं," त्यानं लगेच फोन लावून सांगितलं. कैक वर्षांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

त्या रविवारी मोडेम थोडा वेळ किंचाळला आणि दहा मिनिटांत दोनशे बारा मार्क येऊन पडले. सिंधुताईंचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी त्यानंच फोन लावला. सिंधुताई निघायच्या घाईत होत्या.

"भाऊ, तुमचे लई उपकार झाले. आता मला दुपारची गाडी सापडते. आईला वेळेवर जेवू घालता येतं."

"बरं झालं," तो म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

चौथ्या रविवारी सत्तर-ऐंशी पोरांचे मार्क आले असतील, तेव्हा त्यानं टेलिफोनची वायर उपटली. पाच मिनिटं हातात धरून बसला आणि परत खोचली. यादी अडकली म्हणजे त्या विचारतील, असं त्याला वाटलं होतं.

बेल वाजली. त्यानं हात पुढं केला, पण दुसऱ्या बेललाच मोडेमनं फोन उचलला. उरलेले मार्क एकामागून एक उतरले. त्यानं मोजून पाहिले : दोनशे बारा. एकही हरवला नव्हता, एकही दोनदा आला नव्हता.

सोमवारी सरांनी सगळ्या मास्तरांसमोर त्याचं कौतुक केलं. शिवमूर्ती मान खाली घालून उभा राहिला आणि मग हजेरी छापायला गेला.