गॅरेजातला बंब

काल तांब्याच्या भांड्याला चिंच लावली आणि त्या वासानं मला अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या जुन्या गॅरेजात नेलं. घरी दारू गाळायचा नवा छंद होता. परवाना नव्हता, पण खरी भीती सासूबाईंची. तांब्याची भट्टी नुसत्या पाण्यावर तापवून बघत होतो, शेजारी गुळाचं पाणी आंबत होतं, आणि कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई दारात!

“अगंबाई, अमेरिकेत बंब?”

“तुमच्या आंघोळीसाठीच आणला!”

झालं. महिनाभर मी त्यांना त्यातलं कढत पाणी वर नेऊन दिलं. गुळाच्या पाण्याचं व्हिनेगर झालं, पण सासूबाईंना फसवल्याच्या आनंदात मी होतो.

विमानतळावर त्या हळूच म्हणाल्या, “जावईबापू, बंबाला जाळ घालायला मधे नळी असते हो. पण आंघोळी छान झाल्या!”