अर्ध्या बोटाचं रान

माझं म्हणणं एकच होतं: जी जमीन डोळ्यांनी पाहिली नाही, तिच्यासाठी सही करायची नाही. जर्मनीतल्या वाल्डॉर्फमध्ये नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही स्वतःच्या घरासाठी पैसे साठवले होते. आणि निखिल, माझा नवरा, ते सगळे इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर कॉफीच्या मळ्यात घालायला निघाला होता. एका एजंटाच्या वेबसाइटवर डोंगर होते, धुकं होतं आणि नकाशावर सुबक चौकोनी प्लॉट होते. परदेशी माणसाच्या नावावर तिथे शेतजमीन होत नाही, म्हणून ती गावातल्याच कुणाच्या तरी नावावर राहणार आणि आमच्या हातात करारनामा असणार.

"म्हणजे पैसे आपले आणि नाव दुसऱ्याचं?" मी विचारलं.

"या, या, कायदेशीर आहे सगळं," निखिल म्हणाला. जर्मन 'या', म्हणजे 'हो', त्याच्या तोंडात इतका बसलाय की भांडतानासुद्धा तो आधी हो म्हणतो.

शेवटी ठरलं की बुकिंगचे पैसे भरायचे, पण सही जाऊन आल्यावर. माझ्या सासूबाई तेव्हा कराडजवळच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना एका मैत्रिणीकडे ठेवावं असा विचार होता.

"जमीन बघाय जाताय आन् मला ठिवून?" आई म्हणाल्या. "जमिनीतलं काय कळतं तुमा दोघांस्नी?"

आम्ही तीन तिकिटं काढली.

कुणाला जायचं असेल तर सांगते. फ्रँकफर्टहून एक थांबा घेत जकार्ता, तिथून विमानानेच फ्लोरेसवरचं लाबुआन बाजो. व्हिसा आम्हाला विमानतळावरच मिळाला, भारतीय पासपोर्टवर. निघण्याआधी नियम तपासून घ्या. माणशी पाच लाख रुपये हे ऐकून आई खुर्चीतच बसल्या. "अहो आई, त्यांचे रुपये ते. आपले तीसेक युरो," असं मी दहा वेळा समजावलं. पुढचे बारा दिवस त्यांनी केळी वीस हजारांना आणि चहा दहा हजारांना घेतला आणि प्रत्येक वेळी कपाळाला हात लावला.

लाबुआन बाजो समुद्राकाठचं, पर्यटकांनी भरलेलं. तिथून भाड्याच्या गाडीने मळ्याच्या बाजूच्या रुतेंग शहराला पोचायला अर्धा दिवस लागतो. रस्ता डांबरी आहे, पण इतका वळणाचा, की आल्याच्या वड्या नेल्या नसत्या तर मी हे लिहायला उरले नसते. रुतेंग उंचावर, चांगलंच गार. "विषुववृत्ताजवळ स्वेटर कशाला?" असं निखिल पॅकिंगच्या वेळी म्हणाला होता. आईंनी गुपचूप तीन घेतले होते. त्यातला एक दुसऱ्या दिवशी निखिलच्या अंगावर होता.

रुतेंगला आम्ही रोझा नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. खोली आणि दोन्ही वेळचं जेवण वीस युरोत. रोझा हॉटेलात काम करून इंग्रजी शिकलेली, आणि ज्याच्या नावावर आमची जमीन राहणार होती तो फ्रान्स तिचाच धाकटा भाऊ. पानात भात, शेवग्याचा पाला आणि जाळ काढणारी मिरचीची चटणी. पाला पाहून आईंनी रोझाला जवळ ओढून गालावरून हात फिरवून बोटं मोडली. रोझाला काही कळलं नाही, पण तिने पुन्हा वाढलं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'मामा' म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या आई सगळ्या रुतेंगच्या मामा झाल्या.

गाव तिथून पुढे तीन तास. जायला 'ओतो कोल', म्हणजे मागे लाकडी बाकं ठोकलेला ट्रक. माणसं, तांदळाची पोती, एक डुक्कर, दुभाषी म्हणून आलेली रोझा आणि आम्ही. वाटेत निखिल नुसता रानांकडे बघत होता. मी विचारल्यावर म्हणाला, "आमचं रान विकून मी जर्मनीत आखनला शिकलो. बाबा गेले, तरी ते डोक्यातून जात नाही. एकदा आईला मातीत उभी केली की सुटलो." लग्नाला अकरा वर्षं झाली आणि हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. घराच्या पैशांवरून मी त्याला काय काय बोलले होते ते आठवून मला वाईट वाटलं, पण माझं मत काही बदललं नाही.

गावात पाऊल ठेवताच आमच्यापुढे एक पांढरा कोंबडा आणि ताडीचा घडा आला. पाहुण्यांचं स्वागत असंच करतात. हात लावला की स्वीकारलं. आई माळकरी. त्यांनी ताडीला लांबून नमस्कार केला, कोंबड्याला मात्र हात लावला आणि बजावलं, "ह्याला कापायचा न्हाई." कोंबडा आमच्या मुक्कामभर पायाला दोरी बांधून, आम्ही उतरलो होतो त्या फ्रान्सच्या घराच्या ओसरीवर राहिला आणि पहाटे चारला आम्हाला उठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रान बघायला निघालो. निखिलने मोबाइलवर नकाशा उघडला. नकाशात चौकोन होते आणि समोर, डोंगराच्या उतारावर, अख्खं रान गोल होतं. मधोमध एक लाकडी खुंट, आणि तिथून बांध चारी दिशांना कडेपर्यंत गेलेले. वाटे सगळे भाकरीच्या चतकोरासारखे, आत निमुळते आणि बाहेर रुंद. आत मका, कडेला कॉफी.

"मोजता कसं?" निखिलने विचारलं.

"बोटाने," रोझा म्हणाली. "खुंटापाशी ज्याला एक बोट मिळालं, त्याचा वाटा कडेपर्यंत तसाच वाढत जातो. मोठ्या कुटुंबाला दोन बोटं. वाटणी जमिनीचे प्रमुख करतात, आमचे ओपा पेत्रुस."

'ओपा' म्हणजे आजोबा, डच लोकांनी मागे ठेवलेला शब्द. आम्हाला तो जर्मनीत पाठ झालेला. निखिल चौकोन फिरवून फिरवून त्या चतकोरांवर बसवत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते. त्यामुळे आई कुठे आहेत याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

आई थेट मधल्या खुंटाशी गेल्या होत्या. नवं रान घ्यायचं तर आधी त्याची पूजा, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पिशवीतून हळद-कुंकू काढून त्यांनी खुंटाला लावलं आणि रुतेंगच्या बाजारातून आणलेला नारळ पायथ्याच्या दगडावर फोडला. टणकन आवाज आला. मक्यात काम करणाऱ्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. रोझाचा चेहरा उतरला.

"त्या खुंटाला फक्त ओपांचा हात लागतो," ती म्हणाली. "तिथे दुसऱ्या कुणी काही वाहिलं, तर त्याचा अर्थ तो गावाकडे वाटा मागतोय."

"माफी मागतो आम्ही, आत्ता लगेच," मी म्हणाले.

"माफीचं नाही. मागणी झाली. आता उत्तर द्यावं लागेल."

दुपारी गावच्या मोठ्या, शंकूसारख्या छपराच्या घरात सगळे चटईवर बसले. ओपा पेत्रुस ऐंशीच्या आसपासचे, किडकिडीत, स्वेटर घातलेले. त्यांनी निखिलकडे पाहिलंच नाही. मागणी आईंची होती.

"मामा, खणणार कोण?" त्यांनी विचारलं.

उत्तर निखिलने दिलं. मजूर ठेवू, मजुरी वेळेवर देऊ, व्यवस्था एजंट बघेल. बोलता बोलता त्याने करारनाम्याची प्रत पुढे केली. रोझा ती वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"इथे लिहिलंय की पैसे देणारा सांगेल तेव्हा, सांगेल त्याच्या नावावर फ्रान्सने ही जमीन करून द्यायची."

शेजारी बसलेला फ्रान्स कागदाकडे वाकून पाहू लागला. मग हळूच म्हणाला की त्याला रोपं आणि खत मिळणार असं सांगितलं होतं. सही फक्त शेवटच्या पानावर घेतली. त्याची तीन मुलं आणि एक बोट जमीन. ती आमच्या चौकोनात गेली होती.

निखिलने प्रत घडी घालून खिशात ठेवली. "हे आपण करत नाही," तो मला मराठीत म्हणाला. मला हायसं वाटलं आणि त्याचा चेहरा बघून रडूही आलं.

पण ओपांचा प्रश्न अजून तसाच होता. आई म्हणाल्या, "सांग त्यांना, मी खणंन. चाळीस वरसं खणलंय. सातबाऱ्यावर नाव आधी सासऱ्यांचं हुतं, मग ह्याच्या बाचं. माझं कवाच नव्हतं. इकताना मला कुणी इचारलं बी न्हाई."

निखिल इंग्रजीत सांगू लागला आणि अर्ध्यावर अडकला. उरलेलं मी सांगितलं, रोझाने पुढे पोचवलं. ओपा बराच वेळ आईंचे हात बघत होते. मग त्यांनी एक बोट चटईवर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने अर्धं झाकलं.

उशिरा येणाऱ्यांसाठी प्रत्येक रानात थोडी फट राखतात. त्यातलं अर्धं बोट आईंना मिळालं. कडेला पोचेपर्यंत ते आमच्या वाल्डॉर्फच्या बाल्कनीएवढं रुंद झालं. अटी दोन: विकायचं नाही, आणि दर वर्षी तण काढायला घरातलं कुणीतरी यायचं. कुणी आलं नाही, तर ते फ्रान्सच्या मुलांचं. कागद नाही. आईंनी साडी खोचली आणि त्याच संध्याकाळी कॉफीची चार रोपं लावली. निखिल खड्डे काढत होता आणि आई त्याला ओरडत होत्या, "कुदळ अशी धरत्यात व्हय?" इतका आनंदी मी त्याला ऑफिसच्या कुठल्याही बढतीत पाहिला नव्हता.

फ्रान्सला निखिलने शहरातल्या वकिलाकडे नेऊन सही मागे घेतल्याचं पत्र लिहून दिलं. पुढचं वकील बघतोय. आमचे बुकिंगचे पैसे गेले. जाणाऱ्यांना माझा सल्ला असा की अशा गावात जरूर जा, पण जमीन घ्यायला जाऊ नका.

परत येऊन आता बरेच महिने झाले. घर अजून शोधतोय. आई कराडला परतल्या. मागच्या आठवड्यात रोझाने पाठवलेले फोटो आले: चार रोपं, गुडघाभर तण आणि ओसरीवर तोच पांढरा कोंबडा. निखिलने ऑफिसात रजा मागितली. बॉसने विचारलं, इतक्या लांब कशासाठी? निखिल म्हणाला, तण काढायला. बॉसला तो विनोद वाटला.

रविवारी आईंना फोन लावला.

"शेजारची शांता इचारत हुती," त्या म्हणाल्या, "नाव चढलं का म्हनून."

"मग काय सांगितलंत, आई?"

"म्हनलं, तिकडं नाव चढत न्हाई. जावं लागतंय." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिकिटं काढलीस?"

काढली होती. निखिलला न विचारता, तीन.